गोधडीची पावती

(देणगीदार व स्वयंसेवक स्नेहमेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर माझ्या वाट्याला येते ते जमाखर्चाचे वाचन. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आकडे वाचताना मला कंटाळा येत नाही. परंतु त्या वेळी निम्मे श्रोते घड्याळाकडे आणि उरलेले अल्पोपाहाराच्या टेबलाकडे पाहत असतात, हे मला चांगले ठाऊक आहे. यंदा अध्यक्ष महोदयांनी सुचविले की, ताळेबंद छापील स्वरूपात सर्वांच्या हाती आहेच, तेव्हा ताळेबंदात जे नाही त्याविषयी आपण दोन शब्द बोलावे. ही सूचना मी आनंदाने स्वीकारली, कारण अशी एक नोंद गेली काही वर्षे माझ्या मनात आहे आणि तिला खतावणीत अद्याप योग्य खाते सापडलेले नाही. ती नोंद गोधडीची आहे. तिची सुरुवात माझ्या एका चुकीपासून होते, म्हणून प्रथम ती चूकच आपल्यासमोर ठेवतो.

सन २०१६ च्या जून महिन्यात, मृग लागण्याच्या दोन दिवस आधी, चार भगिनी एक मोठे गाठोडे घेऊन माझ्या कार्यालयात आल्या. त्यांच्यात एक निवृत्त शिक्षिका होत्या, एकीने अनेक वर्षे बँकेत नोकरी केली होती, एकीचे शिवणकामाचे दुकान होते. चौथ्या, सर्वांत ज्येष्ठ, त्यांना आपण सर्व जण माई म्हणतो. माईंच्या यजमानांचे अखेरचे दिवस आपल्याच रुग्णालयात गेले होते. या मैत्रिणी दर बुधवारी दुपारी माईंच्या ओसरीवर जमत आणि जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवत. गाठोड्यात ११ गोधड्या होत्या. "रुग्णांसाठी आणल्या आहेत," एवढेच त्या म्हणाल्या.

मी त्यांना चहा दिला, आभार मानले आणि रीतसर पावती फाडली: 'वस्तुरूप देणगी, गोधड्या, नग ११'. गाठोडे भांडारात गेले. दुसऱ्या दिवशी संसर्ग नियंत्रणाचे काम पाहणाऱ्या आमच्या सिस्टर मला भेटल्या. अनेक पदरी जाड गोधडी रुग्णालयाच्या धुलाईत नीट निघत नाही, आतले पदर लवकर वाळत नाहीत, आणि एका रुग्णाची गोधडी दुसऱ्याच्या अंगावर घालता येणार नाही, असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले. रुग्णालयातील कपड्यांच्या गरम धुलाईसाठी साधारण ७१ अंश सेल्सियस तापमान आणि २५ मिनिटांचा अवधी हे प्रमाण मानले जाते. हाताने घातलेला सैल टाका आणि विरलेले लुगडे असा मार फार दिवस सहन करणार नाही. सिस्टरांचे म्हणणे शंभर टक्के योग्य होते. चूक माझी झाली. मी ते म्हणणे त्या भगिनींपर्यंत पोहोचविलेच नाही. पावती दिली होती. माझ्या लेखी व्यवहार पूर्ण झाला होता.

सप्टेंबरअखेरीस माई एकट्याच आल्या. घटस्थापना चार दिवसांवर आली होती. नवरात्रापूर्वी घरातील गोधड्या-वाकळा नदीवर नेऊन धुण्याची आपल्याकडे गावोगाव रीत आहे. माई म्हणाल्या, "घरच्या धुवायला काढल्यात. म्हटलं, इथल्याही मळल्या असतील. द्या, धुऊन आणते." मी भांडार उघडावयास लावले. गाठोडे होते तसेच, गाठसुद्धा न सुटलेले. पावसाळ्याची ओल भिंतीतून उतरून खालच्या गोधड्यांना बुरशी लागली होती. माईंनी एकेक गोधडी उलगडून पाहिली व पुन्हा घडी घातली. त्या रागावल्या नाहीत. जाताना फक्त म्हणाल्या, "साहेब, नको होत्या तर नको म्हणायचं. नकाराचं दुःख दोन दिवसांचं असतं."

मित्रहो, माझ्या सेवाकाळात लेखापरीक्षकांनी माझ्यावर पुष्कळ शेरे मारले आहेत. त्यांतला एकही शेरा मला इतका लागला नाही.

त्या रात्री मला माझ्या आईची आठवण झाली. आमच्या घरी उन्हाळ्यात, पापड-कुरडयांची वाळवणे आटोपली, की अंगणात गोधडी घातली जाई. 'घातली जाई' हाच तिचा शब्द. खाली एक मोठे लुगडे ताणून अंथरायचे, त्यावर धोतराचे, जुन्या लुगड्यांचे, परकरांचे धडके तुकडे असे जुळवायचे की कोठे उंचवटा राहू नये, वर पुन्हा एक चांगले लुगडे. कडा दुमडून चारही बाजूंनी टाचून घ्यायच्या. मग दाभण किंवा जाड सुई आणि दुहेरी दोरा घेऊन बाहेरच्या कडेपासून धावदोरा सुरू करावयाचा आणि चौकोनात चौकोन फिरवत मध्यापर्यंत यावयाचे. शेजारच्या दोघी-तिघी हातात सुई घेऊनच येत. चौघी चार बाजूंना बसत. एका गोधडीत चार घरांचे टाके असत आणि ते ओळखूही येत. आई अंगावर पांघरूण घालताना बोट फिरवून म्हणे, "ही ओळ शेजारच्या वहिनींची. त्यांचा टाका बारीक."

कोल्हापूर-सांगलीकडे हिला वाकळ म्हणतात. लहान बाळाची ती दुपटे होते. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे पदर एकावर एक ठेवून, साडीच्याच काठातून काढलेल्या दोऱ्याने कांथा शिवतात. बिहारात सुजनी आहे. आपल्या सीमेपलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंडी शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांवर कापडाची लहान फुले बसविल्याखेरीज ती पूर्ण झाली असे मानीत नाहीत. प्रांत निराळे, नावे निराळी; पण जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड मायेने पुन्हा कामास लावण्याची बुद्धी एकच. आपल्याकडे नवजात बालकाला प्रथम कोरे कापड न घालता आजी-आजोबांच्या जुन्या वस्त्राचे अंगडे घालतात. त्यात आशीर्वादाची भावना आहे, तशी बाळाच्या कातडीला कोरे कापड टोचू नये ही व्यावहारिक दृष्टीही आहे. ज्या गाडगे महाराजांनी चिंध्यांचा अंगरखा पांघरून महाराष्ट्र झाडून काढला, त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आज कर्करोगाच्या रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना निवारा देते. चिंधीचे आणि रुग्णसेवेचे नाते आपल्या भूमीत जुनेच आहे.

दसऱ्यानंतरच्या बुधवारी मी सिस्टरांना बरोबर घेऊन माईंच्या ओसरीवर गेलो. क्षमा मागण्याचे ठरविले होते, परंतु तेथे क्षमेचे भाषण करण्यास कोणी सवडच देईना. नऊ जणी बसल्या होत्या. मध्ये एक निळी-पिवळी गोधडी, एका बाजूला चहाची किटली, डब्यात शेंगदाण्याचे लाडू. एक जण सुनेची तक्रार सांगत होती आणि तिचीच सून शेजारी बसून हसत होती. माईंची दृष्टी अधू झालेली. त्यांच्यासाठी धाकट्या मैत्रिणी आधीच दहा-बारा सुयांत दोरा ओवून उशीला टोचून ठेवीत, म्हणजे मध्येच कोणाला हाक मारावी लागू नये. मला कळून चुकले की, आपण ज्याला देणगी म्हणतो ते या ओसरीवरचे फक्त एक फळ आहे. येथे एकीला वैधव्याचे पहिले वर्ष काढता आले होते. दुसरीला निवृत्तीनंतरची रिकामी दुपार भरून काढता आली होती. हात कामात असले की मनातले सहज बोलता येते आणि डोळे टाक्यावर असले की कोणी आपल्याकडे पाहत आहे असे वाटत नाही, असे निवृत्त शिक्षिका बाई मला म्हणाल्या.

मग सिस्टरांनी आपल्या अडचणी सांगितल्या, अगदी मोकळेपणाने. त्या भगिनींनी त्या तितक्याच मोकळेपणाने ऐकल्या आणि त्या दुपारी एक नियम ठरला: एक गोधडी, एक रुग्ण. गोधडी रुग्णालयात फिरणार नाही. ती ज्याला दिली त्याची झाली. तो ती घरी नेईल, घरी धुईल. हा नियम होताच अर्ध्या अडचणी सुटल्या. उरलेल्या अर्ध्यांसाठी आपण तीन प्रकार ठरविले.

पहिला प्रकार दुपट्याचा. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजन असलेल्या बालकाला स्वतःच्या शरीराची ऊब टिकवणे कठीण जाते. नवजात बालकाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस या मर्यादेत राहावे लागते. अशा बाळाला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवणे हा मोठा उपाय आहे. सन १९७८ मध्ये कोलंबिया देशातील बोगोटा येथे अपुऱ्या साधनांमुळे सुरू झालेली ही पद्धत आता जगभर स्वीकारली गेली आहे आणि आपल्याकडे ती कांगारू मातृसेवा या नावाने चालते. आमचे दुपटे आई व बाळ दोघांच्या वरून पांघरण्यासाठी असते. त्याला मणी, टिकल्या, बटणे, लोंबते गोंडे चालत नाहीत. आतल्या बाजूस सुटा दोरा राहता कामा नये, कारण तो बाळाच्या इवल्या बोटाभोवती आवळला जाऊ शकतो. आणि बाळ एकटे झोपले असेल तेव्हा तोंडावर येईल असे सैल पांघरूण त्याच्यापाशी ठेवावयाचे नाही, हे दुपटे देताना प्रत्येक आईला आमच्या सिस्टर समजावून सांगतात.

दुसरा प्रकार डायलिसिसच्या रुग्णांसाठी. सुमारे चार तास रुग्णाचे रक्त शरीराबाहेर यंत्रातून फिरत असते आणि त्यामुळे अनेकांना हुडहुडी भरते. पांघरूण तर हवे. पण ज्या हातात सुया असतात तो हात परिचारिकेला सतत दिसला पाहिजे, कारण सुई निसटली तर क्षणात मोठा रक्तस्राव होतो. पूर्ण गोधडी घेतली की रुग्ण नकळत हातही आत ओढून घेतो. या प्रश्नावर शिवणकामाचे दुकान चालविणाऱ्या भगिनींनी जो तोडगा काढला त्याला माझा आजही नमस्कार आहे. त्यांनी गोधडीचा वरचा एक कोपरा खांद्यापासून कापून टाकला. पण कोणाच्या डाव्या हातात सुया असतात, कोणाच्या उजव्या; मग दोन प्रकारच्या गोधड्या कराव्यात काय, असे मी विचारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, गोधडीला दोन्ही बाजू चांगल्या असतात. उलटी केली की डाव्याची उजवी होते."

तिसरा प्रकार पूर्ण मापाच्या गोधडीचा. आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखलेल्या असतात, हे आपण जाणताच. या खाटांवरून जे वृद्ध रुग्ण थंडीच्या दिवसांत घरी जातात, त्यांच्यापैकी गरजूंना घरी जातेवेळी ही गोधडी देतो. चौघी बसल्या तरी तिला तीन-चार बुधवार लागतात.

आता पावतीविषयी. वस्तुरूप देणगीला प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, त्यामुळे माझ्या छापील पावतीचा या भगिनींना तसा काही उपयोग नव्हता. माई म्हणाल्या, "आम्हाला कागद नको. पोचली का, तेवढं कळवा." म्हणून आपण एक लहान चिठ्ठी सुरू केली. रुग्णाचे नाव कधीही द्यावयाचे नाही. फक्त गोधडी कोठे गेली ते लिहावयाचे. 'दुपटे. मुलगी, वजन १ किलो ९०० ग्रॅम. आईबरोबर घरी गेली.' 'कापल्या कोपऱ्याची गोधडी. शेतकरी, वय ५२. हिरवा रंग मागून घेतला.' या चिठ्ठ्या बुधवारी ओसरीवर मोठ्याने वाचल्या जातात आणि बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात जपून ठेवल्या जातात.

सर्वच चिठ्ठ्या आनंदाच्या नसतात. एकदा अशी चिठ्ठी लिहिण्याची वेळ आली: 'दुपटे. मुलगा. बाळ राहिले नाही. दुपटे आईने सोबत नेले.' ती पाठवावी की न पाठवावी या विचारात मी दोन दिवस काढले. मग भांडारातील ते गाठोडे आठवले आणि मी ती पाठविली. पुढच्या बुधवारी निरोप आला की, अशा चिठ्ठ्या कधी लपवू नका.

सन २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि ओसरी ओस पडली. रुग्णालयात बाहेरची वस्तू घेणेही बंद झाले. त्या काळात या भगिनींनी आपापल्या घरी बसून सुती मुखपट्ट्या शिवल्या आणि बुधवारी दुपारी दूरध्वनीवरून एकमेकींची विचारपूस करण्याचा नेम मोडू दिला नाही. सन २०२२ मध्ये ओसरी पुन्हा भरली तेव्हा दोन जागा रिकाम्या होत्या. त्या दोघींची जुनी लुगडी त्यांच्या घरच्यांनी आपण होऊन आणून दिली. ती आज कोठल्या तरी दुपट्यांत आहेत.

शेवटी एकच प्रसंग सांगतो. गेल्या हिवाळ्यात एक बाई माझ्या कार्यालयात आल्या. त्यांचे यजमान आपल्या डायलिसिस विभागाचे जुने रुग्ण होते. महिन्यापूर्वी त्यांचे निधन झाले होते. बाईंनी त्यांची गोधडी स्वच्छ धुऊन, वाळवून, घडी घालून आणली होती. "दुसऱ्या कुणाला तरी द्या. यांना फार ऊब दिली हिनं," त्या म्हणाल्या. आपला नियम आड येत होता. सन २०१६ चा मी असतो, तर गोधडी ठेवून घेतली असती, आभार मानले असते आणि ती गुपचूप भांडारात टाकली असती. या वेळी मी त्यांना बसविले आणि ती का घेता येत नाही ते नीट सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. "मग मी हिचं काय करू?" असे त्यांनी विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते. दिवस बुधवारचा होता. मी आमच्या सिस्टरांना बोलावले आणि त्या बाईंना ओसरीवर घेऊन गेल्या.

ती गोधडी बाईंनी स्वतःपाशीच ठेवली. त्या आता दर बुधवारी ती मांडीवर घेऊन बसतात आणि दुसऱ्या कोणासाठी तरी कोपरा कापलेली नवी गोधडी शिवतात. आज त्या या सभागृहात उपस्थित आहेत.

विश्वस्त महोदयांना माझी एक नम्र विनंती आहे. माईंना आता ओसरीच्या पायऱ्या चढउतार करवत नाहीत. तळमजल्यावरील जुन्या नोंदणी कक्षात उजेड चांगला येतो. तो दर बुधवारी दुपारी या भगिनींसाठी मोकळा ठेवावा. खर्च काही नाही. एक सतरंजी आणि चहा, एवढेच. आणि उपस्थित देणगीदारांना विनंती अशी की, घरातील जुनी, धुतलेली, सुती लुगडी व धोतरे अवश्य द्यावीत. कृत्रिम धाग्याची वस्त्रे आणू नयेत. ती घाम शोषून घेत नाहीत. आणलीत तर आम्ही नको म्हणू, आणि तसे तोंडावर म्हणू. तेवढे आम्ही आता शिकलो आहोत.

देणगी पावती फाडली म्हणजे स्वीकारली गेली, अशी माझी वीस वर्षांची समजूत होती. ती योग्य माणसापर्यंत पोचते आणि पोचल्याचे देणाऱ्याला कळते, तेव्हाच ती स्वीकारली जाते, हे मला एका गाठोड्याने शिकविले. त्या ११ गोधड्यांपैकी ज्या धुऊन उन्हात घालून नीट झाल्या त्या माईंनी घरी ठेवल्या आहेत. एक मात्र त्यांनी मला दिली. तिच्यावर बुरशीचा डाग आहे. तो निघत नाही. ती माझ्या कार्यालयातील खुर्चीवर असते. आपण कधी आलात तर अवश्य पाहावी.

बुधवारच्या सर्व भगिनींना संस्थेच्या वतीने विनम्र अभिवादन करतो आणि आपली रजा घेतो.